कप्तानाची खोली उघडली

१

खोलीच्या मधोमध जाड पायांचं एक स्टूल होतं आणि स्टुलावर काहीच नव्हतं. एवढं दाखवण्यासाठी थोरल्याने चोरीनंतर लावलेली दोन कुलपं काढली, दार भिंतीला टेकेपर्यंत ढकललं आणि घड्याळ मीच पळवल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. विमा कंपनीच्या तपासनिसाकडे लोक असंच बघतात. मला त्याची सवय आहे, आवड मात्र अजून लागलेली नाही.

त्या स्टुलावर त्याच्या वडिलांचं जहाजी घड्याळ असायचं. वडील मालवाहू जहाजावर कप्तान होते आणि घरीदारी सगळे त्यांना कप्तानच म्हणायचे. जहाज भंगारात निघालं तेव्हा ते फक्त हे घड्याळ मांडीवर घेऊन घरी परतले. बशीएवढी तबकडी, पितळी अंग, आणि भोवती हिरव्या कापडाचं अस्तर लावलेली झाकणाची लाकडी पेटी. कप्तान वारले त्याच आठवड्यात ते पेटीसकट नाहीसं झालं होतं. खिडक्यांना धक्का नाही, दाराला ओरखडा नाही. नुकसानभरपाईचा अर्ज थोरल्याने केला होता, कारण मृत्युपत्रात घड्याळ त्याच्या नावावर होतं.

खोली स्वच्छ होती. पितळ घासायच्या पावडरीचा वास अजून होता. माणूस जाऊन दोन-अडीच महिने झाले तरी तो गेलेला नव्हता.

कंपनीने मला दोन गोष्टी विचारल्या होत्या. घड्याळ खरंच चोरीला गेलं का, आणि पुढे विमा चालू ठेवायचा तर या घराने अलार्म तारेचा लावायचा की बिनतारी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोरल्याने जिन्यातच देऊन टाकलं.

"मॅडम, आत्ता मी दार उघडलं ना? खालचा डबा बोलला का? नाही बोलला. चोरी उघडकीला आली त्या दिवशीही गप्पच होता. बिनतारी म्हणजे नुसता देखावा. तारेचाच लिहा तुम्ही."

त्याचं म्हणणं खरं होतं. दार उघडताना खालून चकार शब्द आला नव्हता. ही गोष्ट मी मनात बाजूला काढून ठेवली.

त्याचा संशय नर्सबाईंवर होता. कप्तानांच्या शेवटच्या आजारपणात त्या दिवसभर घरात असायच्या. त्याने तसं सगळीकडे सांगितलंही होतं, आणि तेव्हापासून नर्सबाईंना कुणी काम देत नव्हतं. जिन्याच्या पायथ्याशी त्याची धाकटी बहीण उभी होती. ती मागच्याच घरात राहायची, घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची. नर्सबाईंचं नाव निघताच ती तुटक आवाजात म्हणाली, "त्यांनी घेतलेलं नाही. मी छातीठोक सांगते."

मी काही विचारायच्या आत दिवाणखान्यातून म्हातारीचा आवाज आला. ती कप्तानांची बायको. तिला सगळे कप्तानीण म्हणायचे.

"वाद कशाला घालता? ह्यांनाच विचारा की. आज सकाळीही खोलीत गेले होते."

२

दिवाणखान्याच्या भिंतीवर शेजारीशेजारी दोन डबे होते. एक तारेच्या अलार्मचा, एक बिनतारीचा. एका घरात दोन अलार्म म्हणजे एका घरात दोन मतं, हे मी तेव्हाच ओळखलं.

कप्तानीणबाईंनी मजेत सगळं सांगितलं. गल्लीत एक घरफोडी झाली आणि बापलेकांची जुंपली. थोरल्याला तार हवी होती. बॅटरी संपली की बिनतारी झोपतो, असं त्याचं म्हणणं. कप्तान म्हणाले, जन्मभर बिनतारीच्या भरवशावर समुद्र ओलांडले, आता म्हातारपणी भिंतीला भोकं पाडून घेऊ का? शेवटी तळमजल्याला तार आणि वरच्या मजल्याला बिनतारी अशी वाटणी झाली. तेव्हापासून तळमजल्याच्या खिडक्या कधी उघडल्या गेल्या नाहीत, कारण उघडलं की तारेचा अलार्म बोंब मारायचा. माणसांना घरात वारा मिळत नव्हता, पण थोरल्याचा शब्द राहिला होता.

बिनतारी डब्यात आपल्या आवाजात नावं भरायची सोय होती. ती कप्तानांनी हौसेने वापरली. वरच्या प्रत्येक दारासाठी त्यांचाच आवाज. ते रोज सकाळी चहा झाला की वर जायचे, आणि डबा बोलायचा, "कप्तानाची खोली. उघडली." स्वयंपाकघरातून बाई म्हणायच्या, "ऐकलं हो." हा त्यांचा रोजचा संसार.

"ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बोलला," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून रोज बोलतो. त्याच वेळेला. मी उत्तर देत नाही आता. भीती वाटते, मी उत्तर दिलं आणि ते खाली आले तर काय करायचं?"

थोरला लांब राहतो, त्याने आवाज कधी ऐकला नव्हता. धाकटी मात्र ऐकायला म्हणून मुद्दाम येऊन बसली होती, एकदा नाही, बऱ्याचदा. डबा एकदाही बोलला नाही.

"तिच्यासमोर नाही बोलत ते," बाई हसून म्हणाल्या. "ती उठून गेली, मागचं फाटक वाजलं, की थोड्या वेळात बोलतात. लेकीला लाजत असतील."

धाकटीने मला स्वयंपाकघरात नेलं. आईचं डोकं जागेवर नाही, असं दोघा भावंडांचं ठरलं होतं. वृद्धाश्रमात खोली मिळाली होती, रविवारी आईला तिथे न्यायचं होतं. घर बंद करायचं म्हटल्यावर अलार्म कुठला, याने तिला काही फरक पडत नव्हता. हे सांगताना ती रडत होती, आणि ते रडणं खरं होतं. या धंद्यात खोटं रडणं मी इतकं पाहिलंय की खरं लगेच कळतं.

निघताना कप्तानीणबाईंनी माझा हात धरला. "तुम्हीही मला वेडी म्हणून जाणार का?" त्यांनी विचारलं. "वेडी असेन तर जाईन मी तिकडे. पण शहाणी असताना या घरातून उठवलं तर मी मरेन हो."

सकाळी चहाला येते, एवढंच मी म्हणाले.

३

सकाळ ढगाळ होती. बंद खिडक्यांमुळे दिवाणखान्यात दिवा लावून बसावं लागलं. बाईंनी चहा केला, सवयीने तीन कप काढले आणि एक परत ठेवला. घरात आम्ही दोघीच होतो. वरच्या खोलीच्या दोन्ही कुलपांच्या किल्ल्या मी आदल्या दिवशीच थोरल्याकडून मागून घेतल्या होत्या आणि त्या माझ्या पर्समध्ये होत्या.

चहा संपला. बाईंनी कप खाली ठेवला आणि मान वर केली.

आधी श्वास ऐकू आला. कुणीतरी बोलण्यापूर्वी घेतो तसा, जाड, जरासा घरघरणारा. मग शब्द.

"कप्तानाची खोली. उघडली."

ऑफिसात मला शंकाबाई म्हणतात. माझा देवावरही सहजासहजी विश्वास बसत नाही. तरी त्या क्षणी मला वाटलं की वर कुणीतरी दाराशी उभं आहे. कळत होतं की तो श्वास आवाज भरताना डब्यात अडकलेला आहे. कळल्याने काही फरक पडला नाही.

"आता तरी पटलं?" बाई हळूच म्हणाल्या.

मी जिना चढले. दाराला दोन्ही कुलपं जशीच्या तशी होती. मी ती काढली, दार उघडलं. खाली डबा गप्प. म्हणजे दार बंद असताना तो बोलत होता आणि उघडताना बोलत नव्हता. यंत्र बिघडलं की चुकतं, पण इतकं नेमकं उलटं वागत नाही.

मी आत गेले. आदल्या दिवशी दार भिंतीला टेकलेलं होतं, त्यामुळे त्याची आतली बाजू मी पाहिलीच नव्हती. ती पाहायची तर एकच उपाय होता. मेलेल्या माणसाच्या खोलीत मी एकटीने आतून दार लावून घेतलं.

बिनतारी सेन्सरचे दोन तुकडे असतात. एक चौकटीवर चिकटवतात, दुसरा, चुंबकाचा, दारावर. दोन्ही जवळ असले की शांत. दुरावले की चौकटीवरचा डब्याला कळवतो आणि डबा बोलतो. मी चौकटीकडे पाहिलं, मग दाराकडे.

दोन्हीकडे फक्त चिकटपट्टीचे पांढरट डाग होते. जो सेन्सर रोज सकाळी डब्याला बोलायला लावत होता, तो या दारावर नव्हताच.

४

तारेच्या अलार्मचं एक बरं असतं. तो जागचा हलत नाही. काढायला गेलात तर तार तुटते आणि गल्ली जागी होते. बिनतारीला मात्र ठराविक घर नसतं. अलगद सोडवून त्याचे दोन्ही तुकडे कशालाही चिकटवा, तो त्याची राखण करायला लागतो. नाव मात्र डब्यात जे भरलं तेच राहतं. आणि डबा फक्त आपल्या ओळखीच्या सेन्सरचं ऐकतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं नाही. तेव्हा कप्तानाच्या खोलीचा सेन्सर कुठेतरी जिवंत होता, डब्याला ऐकू जाईल इतका जवळ होता, आणि रोज सकाळी कुणीतरी त्याचे तुकडे वेगळे करत होतं.

मी नर्सबाईंना गाठलं. भाड्याच्या एका खोलीत त्या कपड्यांना इस्त्री करत होत्या; सध्या तेवढंच काम होतं. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांना घड्याळाचं काही विचारलंच नाही. डबा बोलायचा का, एवढं विचारलं.

त्यांना ते चांगलं आठवत होतं. आजारपणात कप्तानांचा पलंग त्याच खोलीत होता. त्या औषध, पाणी, जेवण घेऊन दिवसभर आतबाहेर करायच्या. तरी डबा रोज एकदाच बोलायचा, सकाळी. तेव्हा त्या कप्तानांना उशांना टेकवून बसवायच्या, पेटी मांडीवर द्यायच्या, आणि ते स्वतः घड्याळाला चावी द्यायचे. शेवटच्या सकाळीही त्यांनी दिली होती.

"चोर म्हणाले मला," निघताना त्या म्हणाल्या. "आणि ज्यांना मी अंघोळ घालत होते त्यांच्या घरचे म्हणाले." त्यांनी इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं.

तिथून मी घड्याळजींकडे गेले. कप्तानांच्या घड्याळाला हात लावायची परवानगी असलेला हा एकच बाहेरचा माणूस. दुकान मोठ्या रस्त्याच्या पार पलीकडे होतं. माणूस बोलका, पण कप्तानांचं नाव काढल्यावर भिंग डोळ्यावरून काढायलाही तयार होईना. त्याने ते घड्याळ विकत मागितलं होतं, हे मला थोरल्याकडून आधीच कळलं होतं. तेही त्याने खळखळ न करता मान्य केलं.

मी त्याला घड्याळाचं शास्त्र विचारलं, तेव्हा खुलला. म्हणाला, असलं घड्याळ रोज झाकण उघडून, उलटं करून, मोजून चावी मागतं. रोज त्याच वेळेला. एक दिवस चुकला तर निभावतं, दोन चुकले की बंद पडतं. विकणाऱ्याला त्याची फिकीर नसते. बंद घड्याळही विकलं जातं. पण कप्तान ते थांबू द्यायचे नाहीत. ही शिस्त त्यांनी थोरल्याला शिकवायचा प्रयत्न केला. पोरगं कंटाळून पळायचं.

"आणि धाकटी?"

"तिला हात लावू द्यायचे नाहीत. हे मुलाचं काम म्हणायचे. उंबऱ्याशी उभी राहून बघायची बिचारी."

मग मी सहज विचारलं की पेटीचं अस्तर शेवटचं कधी बदललं. घड्याळजीचा हात हवेतच थांबला. भिंग गळून टेबलावर पडलं आणि त्याने ते उचललं नाही.

५

त्याने वचन दिलं होतं म्हणे, कुणाला सांगणार नाही म्हणून. वचन घेणारा आता राहिला नव्हता, आणि म्हातारी रविवारी घराबाहेर काढली जाणार आहे हे ऐकल्यावर तो बोलला. आजारी पडण्यापूर्वी कप्तान पेटी घेऊन दुकानात आले होते. खिशात सेन्सरचे दोन तुकडे होते. एक त्यांनी पेटीच्या काठावर अस्तराखाली बसवून घेतला, दुसरा झाकणाच्या अस्तराखाली. वरून हिरवं कापड पुन्हा खळीने चिकटवलं. कळू नये इतकं सफाईदार काम झालं होतं. हे कशाला, असं त्याने विचारलं तेव्हा कप्तान म्हणाले, "चोर काय दार उचलून नेतो? पेटी नेतो. मग दाराची राखण करून मला काय मिळणार?"

त्यांना धास्ती थोरल्याची होती, असं घड्याळजीला वाटलं होतं. बापाच्या डोळ्यांदेखत त्याने गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली होती.

संध्याकाळी मी घरी बसून विचार केला. खरं तर विचार करण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. घड्याळ विकण्यासाठी चोरलेलं नव्हतं. चोरणारा त्याला रोज चावी देत होता. चावी द्यायची तर झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडलं की इकडे कप्तान बोलतात. चोराला याचा पत्ता नव्हता, कारण आवाज तिथे होत नव्हता, कप्तानांच्या दिवाणखान्यात होत होता. घड्याळजीचं दुकान इतकं लांब की तिथून डब्याला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. नर्सबाईंची खोली त्याहून लांब. थोरला शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याला ते घड्याळ चालू आहे की बंद, याचं सोयरसुतक नव्हतं.

मग मला म्हातारीचं वाक्य आठवलं. लेकीसमोर ते बोलत नाहीत. ती गेली की बोलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थोरल्याला आणि घड्याळजीला कप्तानीणबाईंकडे बोलावलं. धाकटीला काही कळवलं नाही. थोरल्याला सांगून तारेचा अलार्म बंद करायला लावला आणि दिवाणखान्याची मागची खिडकी सताड उघडली. बिनतारी डब्याचा आवाज होता तितका वाढवला. खिडकीतून मागची गल्ली दिसत होती, आणि गल्लीपलीकडे धाकटीचं स्वयंपाकघर.

"काय चाललंय मॅडम?" थोरल्याने विचारलं.

तुमच्या वडिलांची वाट बघतोय, असं मी म्हणाले. तो हसला नाही. बाईंनी पदर सावरला आणि खुर्चीत नीट बसल्या.

मी मागच्या दाराने बाहेर पडले. फाटक वाजू नये म्हणून हाताने धरलं. गल्लीत कुणी नव्हतं. धाकटीच्या स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी त्यावर हात ठेवला, आणि आतून लाकडावर पितळ घासल्याचा हलका आवाज आला.

६

ती पाठमोरी होती. टेबलावर नकाशाचे कागद बाजूला सारलेले, आणि मधे पेटी. तिने झाकण उघडलं.

गल्लीपलीकडून, उघड्या खिडकीतून, आधी श्वास आला. मग शब्द.

"कप्तानाची खोली. उघडली."

ती ताठ झाली. वळली नाही. मला वाटलं ती किंचाळेल, पण तिने फक्त झाकण लावलं. मग बोटांनी कडा चाचपत ते पुन्हा उघडलं.

"कप्तानाची खोली. उघडली."

"बाबा," ती म्हणाली. इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

मी आत येऊन खुर्चीवर बसले. तिने मला पाहिलं आणि नवल वाटून घेतलं नाही. हिरव्या अस्तराच्या काठावर तिने नख लावलं, कापड सुटलं, आणि खालचा पांढरा तुकडा दिसला. इतके दिवस ती त्यावर हात टेकवून घड्याळाला चावी देत होती.

मी तिला नर्सबाईंचं विचारलं. त्यांनी घेतलं नाही याची इतकी खात्री कशी होती, म्हणून. एवढी खात्री ज्याने घेतलं त्यालाच असते. तिने मान हलवली. बाबा गेले त्या दिवशी दादा माणसांना सांगत होता की घड्याळाचं गिऱ्हाईक तयार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कुणी विचारलंही नाही की चावी कोण देणार. ती वर गेली, दार आतून लावून घेतलं, पेटी उघडली, चावी दिली. आयुष्यात पहिल्यांदा. मग पेटी उचलून घरी घेऊन आली. दार उघडताच खालचा डबा बोलेल असं तिला वाटलं होतं. बोलला असता तर पेटी तिथेच ठेवून ती निघून आली असती. पण तो बोलला नाही.

"मला कधी हात लावू दिला नाही त्यांनी. पण मला येत होतं सगळं. उंबऱ्यावरून बघून येत होतं. ते बंद पडलं असतं तर मला सहन झालं नसतं."

"आणि आई ऐकते म्हणाली, तेव्हा तू बसायला गेलीस."

"त्या दिवशी मी घरी परत येऊन चावी द्यायचे."

हे बोलताना तिला ते कळलं. मी तिचा चेहरा पाहत होते आणि बघवेना म्हणून नकाशांकडे पाहू लागले. आपण समोर बसलो की आवाज येत नाही, म्हणून आई वेडी. हा तिचा पुरावा होता. आई बरोबर ऐकत होती. जे ऐकत होती ते हिच्या हाताखालून जात होतं. आणि त्याच हाताने हिने वृद्धाश्रमाच्या कागदावर सही केली होती.

"आईला काय सांगू?" तिने विचारलं.

मी म्हणाले, पेटी उचल.

७

ती पेटी छातीशी धरून दिवाणखान्यात आली तेव्हा थोरला उठून उभा राहिला. घड्याळजीने कान टवकारले आणि मग डोळे मिटले. घड्याळ चालू होतं.

धाकटीने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, नर्सबाईंचंही नाही. थोरला मधे एकदा "माझ्या नावावर होतं ते" म्हणाला. आईने त्याच्याकडे फक्त पाहिलं. वरच्या खोलीच्या किल्ल्या मी आधीच टेबलावर ठेवल्या होत्या. त्याने त्या आईकडे सरकवल्या.

"मी वेडी नव्हते, एवढं तुझ्या तोंडून ऐकू दे," बाई लेकीला म्हणाल्या.

"तू वेडी नव्हतीस, आई. मीच ऐकत नव्हते."

बाईंनी मान डोलावली. मग बराच वेळ त्या पेटीकडे पाहत राहिल्या. मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं वाटेल. त्यांचा चेहरा मात्र आजच कुणी वारल्यासारखा उतरत गेला.

"म्हणजे ते नव्हते," त्या म्हणाल्या.

मला माझ्या हुशारीचा त्या क्षणी मनापासून कंटाळा आला. कुणाचं भूत काढून घेणं हे चोरीपेक्षा फार वेगळं नसतं, हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं.

शेवटी बाईच सावरल्या. त्यांनी भराभर फर्मानं सोडली. नर्सबाईंकडे धाकटीने आणि थोरल्याने दोघांनी जायचं, आजच, आणि जिथे जिथे चोर म्हणून सांगितलं तिथे तिथे पुन्हा जाऊन चूक झाली म्हणून सांगायचं. वृद्धाश्रमाला नाही म्हणून कळवायचं. पेटी या घरातून हलायची नाही. चावी धाकटीने द्यायची, रोज सकाळी, इथे येऊन, आईसमोर.

"आणि अलार्मचं काय लिहू?" मी विचारलं. कंपनीला उत्तर तर द्यायचं होतं.

बाई म्हणाल्या, "तारेचा काढून टाका. मला खिडक्या उघडायच्यात. तो दुसरा डबा तसाच राहू दे. आणि पेटीतलं ते काही काढू नका."

मी अर्ज मागे घेतल्याची नोंद केली आणि शिफारस लिहिली: बिनतारी. कुठल्या दारावर, या रकान्यात मी पेटी असं लिहिलं. साहेबांनी त्यावर खूण करून परत पाठवलं. मी तसंच पुन्हा पाठवलं.

महिनाभराने एका सहीसाठी त्या घरी जायचं होतं. मी मुद्दाम सकाळी गेले. खिडक्या उघड्या होत्या. दिवाणखान्यात उजेड होता. नर्सबाई कप्तानीणबाईंचं ब्लड प्रेशर बघत होत्या. धाकटीशी त्या अजून बोलत नव्हत्या, पण तिने ठेवलेला चहा त्यांनी घेतला. चहा झाल्यावर धाकटीने हात पुसले, पेटी जवळ ओढली आणि झाकण उघडलं.

श्वास, मग शब्द. आता कारण माहीत असूनही मी जिन्याकडे पाहिलं.

"कप्तानाची खोली. उघडली."

धाकटी मान खाली घालून वळसे मोजत होती. कप्तानीणबाईंनी डब्याकडे पाहिलं नाही, पेटीकडेही नाही. हातातला कप बशीत ठेवत, स्वयंपाकघरातून वरच्या माणसाला ऐकू जावं एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "ऐकलं हो."